लेकीची वेणीफणी, सकाळची ३५ मिनिटे आणि माझे अडाणी हात

कृष्णाकाठचा
मी मूळचा सांगलीचा असून गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझी पत्नी नेवार्कच्या आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबातली आहे आणि आमची मुलगी साडेसहा वर्षांची आहे. तिच्या केसांचे आजवर सगळे पत्नीच पाहत असे. डबा, दप्तर आणि बूट एवढे सांभाळले की आपले कर्तव्य संपले, अशी माझी सोयीस्कर समजूत होती. गेल्या महिन्यापासून पत्नीची रुग्णालयातली पाळी सकाळी सातला सुरू होते, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस मुलीची वेणीफणी माझ्याकडे आली आहे.

तिचे केस दाट आणि अगदी बारीक वेटोळ्यांचे आहेत. कोरडे असताना ते कानाच्या पाळीशी थांबतात, पण ओली बट हलकेच ताणली तर पाठीच्या मध्यापर्यंत येते. मी कंगवा वरून खाली ओढतो, ती रडते, मी घाबरून थांबतो, आणि ३५ मिनिटांनी तिच्या डोक्यावर एक वाकडी शेपटी व माझ्या हातात केसांचा पुंजका उरतो. परवा आई व्हिडिओ कॉलवर होती. ती सहज म्हणाली, "अगं बाई, काय या झिपऱ्या! खोबरेल चोपड आणि फणीने सोडव." मुलीला मराठी बऱ्यापैकी कळते. तिने मला विचारले, "बाबा, झिपऱ्या म्हणजे काय?" मी "छान केस" असे सांगून वेळ मारून नेली, आणि ते खोटे तेव्हापासून मला टोचते आहे.

इथे सेनेगल, माली या देशांतून आलेल्या बायकांची वेण्या घालून देणारी दुकाने आहेत. तीन-चार आठवडे टिकतील अशा बारीक वेण्या तिथून घालून आणाव्यात आणि आपण यातून मोकळे व्हावे, की हे काम स्वतः शिकावे? शिकायचे असेल तर सुरुवात कुठून करावी? ज्यांनी हे केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निष्केश
माझ्या डोक्यावर २००९ पासून काही नाही, त्यामुळे या विषयात माझे मत पूर्णपणे निःपक्षपाती समजावे. शिका.

दुपारचा_चहा
प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देते, राग मानू नका. माझ्या आईने आम्हा तीन बहिणींच्या सहा वेण्या रोज सकाळी सातच्या आत घातल्या. तिला कोणी "सविस्तर लिहा" म्हटले नाही आणि तिचे कौतुकही कोणी केले नाही. वडिलांनी एकदा, आई माहेरी गेली असताना, माझी वेणी घातली होती. ती मधल्या सुट्टीपर्यंतही टिकली नाही, पण तो किस्सा आमच्या घरात अजून सणासुदीला सांगितला जातो. साडेसहा वर्षे जे काम शेजारच्या खोलीत चालू होते ते तुम्ही पाहिले नाही, हा मूळ प्रश्न आहे आणि केस त्यानंतर येतात. आता शिका, जरूर शिका, पण पत्नीला "मदत" म्हणून नव्हे.

कृष्णाकाठचा
@दुपारचा_चहा, राग नाही. तुमचा प्रतिसाद पत्नीला भाषांतर करून ऐकवला. ती बराच वेळ हसली आणि तुमचा पत्ता मागू लागली.

रसायनी
मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे "का" एवढेच सांगते. "कसे" हे जाणकार सांगतील.

केस ज्या कूपातून उगवतो तो सरळ केसांच्या बाबतीत बराचसा उभा आणि गोल असतो, तर घट्ट कुरळ्या केसांच्या बाबतीत तो वळलेला असतो आणि केसाचा छेद चपटा, लंबगोल असतो. टाळूवर तयार होणारा तेलकट स्राव सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतो, पण वेटोळ्यांच्या वाटेवर तो मध्येच अडकतो. म्हणून असे केस कितीही निरोगी असले तरी टोकाला कोरडे राहतात. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा असते. कोरड्या केसांत वरून ओढलेला कंगवा नेमका त्या वळणांवर अडतो आणि केस तिथेच तुटतो. तुमच्या हातात जो पुंजका उरतो त्यातले काही केस मुळासकट आलेले असतील, पण बरेचसे मध्येच तुटलेले असावेत.

ओली बट लांब दिसते त्याचे कारण असे की केसातल्या केराटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध पाण्याने तात्पुरते सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ओले केस पिळून किंवा गुंफून वाळवले तर तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत बराचसा टिकतो, तोही याच कारणाने. तेव्हा पाण्याला घाबरू नका. तुमच्या कामात तेच मुख्य हत्यार आहे.

थेम्सपार
मी लंडनला असते, माझे यजमान नायजेरियन वंशाचे आहेत आणि आम्हाला दोन मुली आहेत. मी स्वतः सांगलीजवळच्याच मिरजेची, सरळ केसांची, त्यामुळे तुमच्यासारखीच कोरी पाटी घेऊन सुरुवात केली. माझी पहिली दोन वर्षे वाया गेली, ती तुमची जाऊ नयेत म्हणून लांबण लावते.

सगळ्यात आधी रोज केस विंचरण्याची कल्पना डोक्यातून काढा. आपल्याकडे न विंचरलेले केस म्हणजे आळस किंवा अवकळा, असे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. या केसांना रोजचा कंगवा सोसत नाही. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, सावकाश धुणे आणि सोडवणे, आणि उरलेले सहा दिवस जे घातले आहे ते सांभाळणे, असा हा हिशोब आहे. तुमच्याकडे याला "वॉश डे" म्हणतात आणि त्यातला "डे" हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. पहिल्या रविवारी अडीच तास धरा.

धुताना सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळू नका. आधी बोटांनी चार भाग करा आणि प्रत्येक भाग सैल पीळ देऊन चिमट्यात अडकवा. शांपू टाळूपुरता लावा. फेस वाहून जाताना केस आपोआप धुतले जातात. मग एकेक भाग मोकळा करून त्यावर भरपूर कंडिशनर लावा. भरपूर म्हणजे आपल्याला उधळपट्टी वाटेल इतके. तो लावलेला असतानाच सोडवायचे. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आणि सुरुवात टोकापासून करायची. टोकाची दोन बोटे जागा सुटली की तिच्या वरची दोन बोटे, असे करत मुळाकडे जायचे. कंगव्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या मुठीवर येईल आणि टाळूवर येणार नाही. माझ्या मुलींचे रडणे नव्वद टक्के या एका मुठीने थांबले.

मानेवरच्या, अगदी खालच्या केसांकडे विशेष लक्ष द्या. यजमानांच्या अमेरिकेतल्या मावशी त्या भागाला "किचन" म्हणतात, आणि खरोखरच घरातला सगळा पसारा तिथेच असतो. कॉलर आणि उशी यांच्या घासण्याने तिथे सर्वांत जास्त गुंता होतो. आणखी एक गोष्ट: एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकारचे केस असू शकतात. माझ्या धाकटीचे पुढचे केस बोटाएवढ्या वेटोळ्यांचे आहेत आणि मागचे पेन्सिलीच्या शिशाएवढ्या. बाटल्यांवर जे ३सी, ४ए असे छापलेले असते ते केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्या वर्गीकरणावरून आले आहे. त्याचा उपयोग दुकानात होतो, घरी बोटांना जे लागते तेच खरे.

दुकानाबद्दल: वेण्या घालून आणण्यात काही गैर नाही, आम्हीही सुट्टीला जाताना घालून आणतो. पण वेण्या घालण्यापूर्वी केस धुऊन सोडवावे लागतात, काढल्यानंतर पुन्हा सोडवावे लागतात, आणि मधल्या काळात टाळूची काळजी घ्यावी लागते. ती सगळी कामे घरचीच असतात. त्यामुळे दुकान हा शिकण्याला पर्याय होत नाही.

माजघर
मी सत्तरीची आहे आणि सांगलीच्या आजीबाईंची बाजू घेण्यासाठी लिहीत आहे. "झिपऱ्या" हा शब्द वाईटच, पण आमच्या पिढीच्या तोंडात तो लाडानेही येतो आणि तो दुखावतो हे आम्हाला कोणी सांगितलेले नसते. खोबरेलाला मात्र एवढे कमी लेखू नका. जावळ असल्यापासून टाळू भरून आम्ही मुले वाढवली आहेत.

रसायनी
@माजघर, खोबरेलाची बाजू भक्कम आहे. २००३ साली मुंबईच्या दोन संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झालेली दिसली. यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हे लक्षात ठेवून वाचावे, पण निष्कर्ष बराच मानला गेला आहे.

अडचण तेलात नाही, क्रमात आहे. तेल म्हणजे ओलावा नव्हे. ते असलेला ओलावा टिकवते. कोरड्या केसांवर तेल चोपडले तर कोरडेपणावरच झाकण बसते. आधी पाणी, मग कंडिशनरसारखे काही, आणि शेवटी तेल. धुण्याच्या आदल्या रात्री लावलेले खोबरेल मात्र आजीबाईंच्या पद्धतीनेही योग्यच आहे. फणीचा उपयोग उवा-लिखांसाठी; गुंत्यासाठी तिला हातही लावू नका.

माजघर
क्रमाचे पटले. आम्ही तरी न्हाण्याच्या आदल्या रात्रीच तेल लावत होतो, रोजचे चोपडणे हे पुढचे खूळ आहे.

सोपा_उपाय
एवढे सगळे करण्यापेक्षा केस सरळ करून का घेत नाही? आमच्या भाचीने पुण्यात करून घेतले, चार तासांत काम झाले आणि आता रोज दोन मिनिटांत शाळेला तयार होते.

कृष्णाकाठचा
@सोपा_उपाय, आमच्या घरात याचे उत्तर पत्नीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. तिच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई लोखंडी कंगवा गॅसच्या शेगडीवर तापवत आणि केस सरळ करत. कान भाजू नये म्हणून तो हाताने दुमडून धरायचा, हे तिला अजून आठवते. नवव्या वर्षी तिच्या केसांना पहिल्यांदा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारे रसायन, लावला. टाळूला झालेल्या जखमांच्या खपल्या घेऊन ती शाळेत गेली होती. चोविसाव्या वर्षी तिने सगळे केस मुळापर्यंत कापले आणि स्वतःचे खरे केस कसे आहेत हे तेव्हा प्रथम पाहिले. मुलीच्या बाबतीत या विषयावर आमच्याकडे चर्चा नाही.

रसायनी
जोडून सांगते. तीव्र रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या भुकटीत असतो तोच अल्कली. तो केसातले डायसल्फाइड बंध तोडतो आणि हे बंध पाण्याने परत जुळत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के असावे, असा अंदाज त्यात होता. याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि घाबरवण्याचा माझा हेतूही नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर हे लावण्याइतके तातडीचे कोणतेच कारण मला सुचत नाही.

निष्केश
आणि एवढे करूनही मुळाशी येणारा नवा केस कुरळाच येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण बहुधा कुणा पार्लरवाल्यानेच केली असावी.

बांधावरून
@निष्केश यांनी सुंभाचा विषय काढला म्हणून लिहितो. मी शेतकरी आहे, केसांतले मला कळत नाही, पण या धाग्याच्या निमित्ताने अशा केसांचे दोन पेड एकमेकांभोवती वळून जो पीळ घालतात त्याची चित्रफीत पाहिली आणि हसू आले, कारण ते काम मी आठव्या वर्षापासून करतो.

आमच्याकडे अंबाडीचा किंवा केकताडाचा वाख काढून दावी वळतात. नवशिका माणूस दोन पेड घेतो आणि नुसते एकमेकांभोवती गुंडाळतो. हात सोडला की दावे उलगडते. वडील म्हणायचे, "पेडाला आधी त्याचा पीळ दे, मग दुसऱ्याशी गाठ घाल." म्हणजे असे: दोन्ही पेड बोटांत धरून प्रत्येकाला वेगवेगळा, पण एकाच दिशेने पीळ द्यायचा, समजा उजवीकडे. मग ते दोन पेड एकमेकांवरून मात्र डावीकडे टाकायचे. प्रत्येक पेड उलगडायला डावीकडे धावतो आणि जोडी उलगडायला उजवीकडे धावते, त्यामुळे दोघे एकमेकांना अडवून धरतात आणि गाठ न मारताही दावे टिकते. प्रत्येक टाक्याला आधी पीळ, मग टाकणे, पीळ, टाकणे. एक टाका पिळाशिवाय गेला की तिथून दावे सैल पडते.

बैलाच्या दाव्यात आणि लेकराच्या केसांत फरक एवढाच की दावे करकचून वळतात आणि केस तसे वळायचे नाहीत. तुमची शेपटी सुटते ती हात अडाणी आहेत म्हणून नव्हे, पेडाला पीळ नाही म्हणून. सुतळीचे दोन तुकडे खुर्चीला बांधा आणि आठ दिवस रात्री सराव करा. मुलीच्या डोक्यावर शिकू नका.

थेम्सपार
@बांधावरून, मी आठ वर्षे हे करते आणि इतके स्वच्छ कोणी मला समजावले नव्हते. वेणीचे पेड आणि दाव्याचे पेड हा एकच शब्द आपण रोज वापरतो आणि तरी हे कधी लक्षात आले नाही. याच धर्तीवर आणखी एक: डोक्याला चिकटून जाणाऱ्या कॉर्नरो नावाच्या वेण्या म्हणजे आपली सागरवेणीच, फक्त बाजूचे पेड मधल्या पेडाच्या वरून न टाकता खालून घालायचे. म्हणून ती वेणी उठावदार दिसते. पण ते पुढच्या वर्षी. आधी दोन पेड.

तिरकी_मात्रा
विषयाला धरूनच एक शंका आहे. काही आफ्रिकी-अमेरिकी लोक केसांच्या जाड बटा वळलेल्या ठेवतात, त्यांना लॉक्स म्हणतात. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जट कापण्याची एवढी मोहीम चालवली. मग तिकडे तीच गोष्ट फॅशन कशी ठरते? मुलीने उद्या तसे मागितले तर बाप काय करणार?

काळीनदीकाठ
@तिरकी_मात्रा, दोन्ही गोष्टी दिसायला जवळच्या आहेत आणि म्हणूनच गल्लत होते. जट ही बहुधा गुंत्याकडे दुर्लक्ष झाल्याने तयार होते. ती देवीचे बोलावणे मानली गेली की कापायची नाही, कधीकधी विंचरायची-धुवायचीही नाही, अशी भीती घातली जाते. मानेला ओझे होते, उवा होतात, आणि आमच्या सीमाभागात तर मुली यल्लम्माला सोडण्याचे ते निमित्त ठरत आले. समितीचा विरोध त्या भीतीला आहे. कार्यकर्त्या आधी त्या बाईशी आणि घरच्यांशी बोलतात आणि तिच्या संमतीनेच जट कापतात. लॉक्स माणूस स्वतः निवडतो, नियमित धुतो, मुळाशी वळून नीट ठेवतो आणि नको झाल्या तर कापतो.

मी उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळच्या बाजूला शिक्षिका होते. तिथल्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोकांची गावे आहेत. पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणले होते आणि तिथून निसटून जंगलात आले. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातल्या वाचकांना सिद्दी म्हटले की मुरुडचा जंजिरा आणि तिथले नवाब आठवतात, पण माझ्या वर्गातल्या सिद्दी मुली अनवाणी चार-पाच किलोमीटर चालत येत. शाळेचा नियम होता की मुलींनी दोन वेण्या घालून लाल रिबिनीने वर बांधायच्या. त्यांच्या केसांच्या तशा वेण्या होत नसत. मग एक तर त्यांचे केस मुलांसारखे बारीक कापले जात, नाहीतर प्रार्थनेच्या वेळी त्यांना वेगळे उभे केले जाई. त्या रांगेत त्यांना उभे करणाऱ्यांत मीही होते. एका मुलीचे वडील एकदा शाळेत आले आणि त्यांनी मोडक्या कन्नडमध्ये एवढेच विचारले की केस वर बांधले की अभ्यास जास्त होतो का. मला उत्तर देता आले नाही. नियम आपल्या केसांवरून बेतलेला आहे, हे तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

कृष्णाकाठचा
@काळीनदीकाठ, हे वाचून काही वेळ गप्प बसलो. इथेही हाच झगडा झाला आणि त्याचा शेवट कायद्यात झाला. केसांचा पोत किंवा वेण्या, लॉक्स, पिळाच्या बटा यांवरून शाळेत व नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असा कायदा २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्नियाने केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यू जर्सीनेही केला. इथे त्याला क्राउन कायदा म्हणतात. देशभरासाठीचे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. म्हणजे आम्ही घर बदलून दुसऱ्या राज्यात गेलो तर माझ्या मुलीच्या केसांचा हक्क बदलू शकतो. @तिरकी_मात्रा, तिने लॉक्स मागितल्या तर तिची आई आणि मी विचार करू, पण सध्या तिची मागणी जांभळ्या मण्यांपुरतीच आहे.

त्वचावैद्य
थोडक्यात लिहितो. घट्ट वेण्या किंवा रोज एकाच जागी ओढून बांधलेली शेपटी यामुळे कपाळालगतचे आणि कानांवरचे केस विरळ होतात. वेळीच थांबवले तर ते परत येतात, वर्षानुवर्षे चालू राहिले तर येत नाहीत. वेणी घातल्यावर डोके दुखणे, भुवया ताणल्यासारख्या वाटणे किंवा मुळाशी पुटकुळ्या येणे ही ओढ जास्त झाल्याची खूण आहे. त्या वेळी "उद्यापर्यंत सैल होईल" असे न म्हणता वेणी सोडावी. मण्यांचे वजनही लक्षात घ्यावे. हे सरळ केसांच्या मुलींनाही तितकेच लागू आहे. माझ्याकडे नृत्याच्या क्लासमधल्या घट्ट अंबाड्यांनी आलेल्या मुली जास्त असतात.

दुपारचा_चहा
तीन आठवडे झाले. धागाकर्ते सुतळी वळत बसले की पळाले?

कृष्णाकाठचा
पळालो नाही. सुतळी खुर्चीला आठ नव्हे, बारा दिवस होती.

पहिला रविवार पावणेतीन तासांचा झाला. चार भाग, भरपूर कंडिशनर, टोकापासून सुरुवात आणि ती मूठ, सगळे @थेम्सपार यांनी सांगितल्याप्रमाणे केले. मुलगी दोनदाच ओरडली आणि दोन्ही वेळा चूक माझी होती, कारण मी घाई करून मुळाकडे गेलो होतो. मग केसांचे चौदा भाग करून दोन पेडांचे पीळ घातले. भांग सांगलीहून इस्लामपूरला जाणाऱ्या जुन्या रस्त्यासारखे पडले. सोमवारी ते टिकले, मंगळवारी टिकले, गुरुवारी शाळेत तीन सुटले. @बांधावरून, ते तिन्ही मानेजवळचे होते; तिथे मला नीट दिसत नसल्याने पेडाला पीळ द्यायचे राहून जात होते. आता रोज सकाळी फवाऱ्याने थोडे पाणी, तळहातावर दोन थेंब तेल आणि कपाळावरच्या बारीक केसांवरून मऊ ब्रश, एवढ्यात सात-आठ मिनिटांत काम होते.

दुसऱ्या रविवारी सासूबाई आल्या. त्यांनी माझे काम पाहिले, काही बोलल्या नाहीत, खुर्चीत बसल्या, नातीला दोन गुडघ्यांमध्ये जमिनीवर बसवले आणि अर्धे पीळ सोडून टाकले. माझी आजी मिरजेच्या घरात उंबऱ्यावर बसून आत्याची वेणी घालायची ती अगदी अशीच, डोके गुडघ्यांत पकडून. मला राग आला होता हे कबूल करतो. पण मग त्या म्हणाल्या, "उरलेले अर्धे तू कर, मी बघते," आणि माझी बोटे धरून भांग कसा पाडायचा ते त्यांनी कंगव्याच्या शेपटीने दाखवले. त्यांच्या मते मी फार घाबरत धरतो आणि त्यामुळेच पोरगी घाबरते.

आईशीही बोललो. म्हणजे मी बोलण्याआधी मुलीनेच तिला विचारले, "आजी, झिपऱ्या म्हणजे काय?" आई गडबडली आणि म्हणाली, "ज्या केसांची कुणी वेणीफणी केली नाही ते केस." मुलगी म्हणाली, "मग गुरुवारी होत्या." त्यानंतर आईने तो शब्द वापरलेला नाही, आणि नातीचे केस रात्री उशीवर घासू नयेत म्हणून आपल्या जुन्या रेशमी साडीची टोपी शिवून पाठवली आहे.

बांधावरून
मानेजवळचा पेड डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघायचा. रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही तसेच वळायचो.

दुपारचा_चहा
चौदा भागांना चौदा गुण. भांगाचे दोन कापले.

नदीपल्याड
उशिरा आलो, एकच विचारतो. माझ्या मुलीचे केस कुरळे आहेत, इतके घट्ट नाहीत, आणि ती कोथरूडला पोहायला जाते. क्लोरिनचे काय करावे?

थेम्सपार
@नदीपल्याड, तलावात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवा आणि वर थोडे कंडिशनर किंवा खोबरेल लावा. साध्या पाण्याने भिजलेला केस तलावातले पाणी कमी शोषतो. वेणी घालून टोपी चढवा आणि बाहेर आल्याबरोबर धुवा.

कृष्णाकाठचा
@माजघर, तुम्हाला एक विचारायचे आहे. आईने पाठवलेली टोपी पहाटेपर्यंत डोक्यावर राहत नाही, रोज सकाळी उशीखाली सापडते. इलॅस्टिक सैल आहे असे वाटते. आई नव्याने शिवायला तयार आहे आणि माप मागते आहे. कपाळावरून मोजले तर डोक्याचा घेर साडेवीस इंच येतो. तेच माप कळवू का?

माजघर
ते झाले इलॅस्टिकचे माप; टोपी त्यावर बसते, पण फुगते केसांवर. रविवारी धुऊन पीळ घालून झाले की मग केसांसकट घेर मोजा आणि कपाळापासून मानेपर्यंतचे अंतरही वरून फीत टाकून मोजा. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून पाठवा. इलॅस्टिक डोक्याच्या घेरापेक्षा दीड इंच कमी ठेवायला सांगा, त्याहून कमी नको, नाहीतर कपाळावर वळ उठतील आणि वर ते त्वचावैद्य रागावतील.